पिशवी काढल्याने मनाचा त्रास मिटत नाही

मराठवाड्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात चार विधाने एका दमात केलेली आहेत: पाळी जाताना होणारी चिडचिड आणि उदासी म्हणजे रिकाम्या डोक्याचे खेळ, कष्टकरी बाईला असले काही होत नाही, पिशवी काढली की कटकट मिटते, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतोच.

पहिले विधान शरीरशास्त्राला धरून नाही. पाळी कायमची थांबण्यापूर्वी काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची (हार्मोनची) पातळी बेभरवशाने वर-खाली होत राहते, आणि मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिनसारख्या रसायनांवर या संप्रेरकाचा प्रभाव असल्याने काही स्त्रियांना त्या काळात अस्वस्थता, रडू येणे, विसरभोळेपणा जाणवतो. शिवाय शरीराचे तापमान राखणारे मेंदूतील केंद्र अतिसंवेदनशील झाल्याने रात्री घामाने झोप मोडते ती वेगळीच. अर्थात प्रत्येकीला नैराश्य येते असे मुळीच नाही. ज्यांना ते पूर्वी, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर, येऊन गेले आहे, त्यांनी अधिक सावध राहावे.

कष्टकरी बाईबद्दलचे विधान तर तिला कोणी विचारतच नाही, एवढ्यावर उभे आहे. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, म्हणजे उसाच्या फडावर मोळ्या वाहण्याच्या वयातच.

सर्वांत घातक विधान तिसरे, कारण त्यावर विश्वास ठेवून शस्त्रक्रिया होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतील अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. अंगावरून जाणे, पोटदुखी आणि खाडा पडला की मजुरीतून होणारी कपात, या कोंडीत हा निर्णय घेतला जातो. परंतु गर्भाशय काढल्याने फक्त रक्तस्राव थांबतो. संप्रेरके अंडाशयात तयार होतात, आणि अंडाशये जागेवर राहिली तरी ती पुढे लवकर थकण्याची शक्यता असते. दोन्ही अंडाशये काढली असतील तर जो बदल काही वर्षांत व्हायचा तो काही दिवसांत होतो, आणि नैराश्य, चिंता व हाडांची झीज यांचा धोका उलट वाढतो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फेडण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला उपचार म्हणणे मला तरी मान्य नाही.

कर्करोगाची भीती २००२च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले, आणि सहभागींचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील निरोगी स्त्रीला बहुधा धोक्यापेक्षा लाभ अधिक असतो; स्तनकर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असल्यास मात्र या गोळ्या सहसा टाळतात.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे, कारण त्यांतील बिघाडानेही हीच लक्षणे दिसतात. मनाविषयी बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.