साताऱ्यातनं सातला निघून इमॅजिकाची लाईन चुकत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणाहून आला, आधी भिशीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर आणि शेवटी जाऊबाईंनी वेगळा पाठवला, "हे बघून ठेव, मेमध्ये जायचंय ना" म्हणून. "थीम पार्कला लाईनीत उभं न राहता सगळ्या राईड करा, ७ ट्रिक्स". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याहून सकाळी सातला निघा, साडेदहाला खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला पोचाल. आत गेल्यावर डावीकडं वळा कारण ९० टक्के लोक उजवीकडं जातात. मोठी राईड शेवटी ठेवा. लांब लाईन सोडा, छोटी धरा. एकाला लाईनीत उभं करा, बाकीच्यांनी तेवढ्यात दुसरं बघा. एक्सप्रेस पास घेतला की लाईनच नाही. आणि सोमवार ते गुरुवार कधीही जा, फक्त पावसाळा सोडून.

मी स्वतः तीनदा जाऊन आलेय, एकदा अगदी याच पद्धतीनं, म्हणून हे लिहितेय. सहा माणसं घेऊन साताऱ्यातनं तिकडं जायचं म्हणजे तिकिटं, डिझेल, टोल, आतलं जेवण धरून चांगलाच खर्च होतो, पोरं दोन महिने दिवस मोजत असतात, आणि मग चार राईड करून परत यायचं हे बरोबर नाही. त्या सात ट्रिक्समधली एखाद-दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, ती पण सांगते.

आधी निघायची वेळ, कारण सगळं तिथंच बिघडतं. सातारा ते खोपोली साधारण १९० किलोमीटर. नकाशा रात्री बघितला तर साडेतीन तास दाखवतो आणि बहुतेक मेसेज लिहिणाऱ्यानं तेच बघितलंय. पण सातला निघालात तर आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ करत खेड शिवापूर येईपर्यंत सव्वाआठ साडेआठ, आणि मग नवले पूल ते वाकड हा पट्टा बरोब्बर ऑफिसच्या वेळेला हातात येतो, हिंजवडीला जाणारी सगळी दुनिया तेव्हा रस्त्यावर असते. त्यात गाडीत म्हातारं माणूस आणि लहान पोरगं असेल तर दोनदा थांबणं आलंच, नाष्टा आला. किवळ्याला एक्सप्रेसवे लागेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात, पुढं लोणावळा, बोरघाट उतरायचा. आम्ही सातला निघालो होतो तेव्हा पार्किंगला गाडी लावली तेव्हा पावणेबारा झाले होते आणि तिकिटाचं, लॉकरचं, बाथरूमचं आटपून पहिल्या लाईनीत उभे राहिलो तेव्हा साडेबारा. म्हणजे दिवसातला सगळ्यात सोन्याचा तास आम्ही वाकडच्या सिग्नलला घालवला. पुढच्या वेळी साडेचारला निघालो, काळोखात, पोरं मागं झोपलेली, पुणं सातच्या आत पार, आणि दशम्या-चटणी आरामात पार्किंगला बसून खाल्ली (तसंही बाहेरचं खाणं आत नेता येत नाही). ज्यांना पहाटेचं जमत नाही त्यांनी आदल्या रात्री लोणावळ्यात किंवा खोपोलीत मुक्काम करावा, खर्च वाढतो खरा पण एक अख्खा दिवस हातात येतो.

तो तास सोन्याचा का, ते तिसऱ्या ट्रिकमध्ये येतं, "मोठी राईड शेवटी ठेवा कारण सकाळी सगळे तिकडंच पळतात". पळतात हे खरं आहे. पण सकाळी पळणारे असतात किती? पार्क उघडतं तेव्हा आत थोडी माणसं असतात, मुंबई आणि पुण्याची मंडळी दीड-दोन तासाच्या अंतरावरनं आरामात नाष्टा करून निघतात, ती अकरा, साडेअकरा, बारा अशी येत राहतात. राईड मात्र पहिल्या मिनिटापासून तेवढ्याच वेगानं माणसं उचलत असते. म्हणजे सकाळी उचलणं पूर्ण आणि येणारे कमी, बारानंतर उचलणं तेवढंच आणि येणारे दुप्पट तिप्पट, मग लाईन साठत जाते आणि साठलेली लाईन दुपारभर काही उतरत नाही. म्हणून नायट्रोसारखा मोठा रोलर कोस्टर करायचा असेल तर आत शिरल्या शिरल्या तिकडंच जायचं, फोटो नंतर, गेटवरचा सेल्फी नंतर. (राईड उघडायची वेळ गेटवर विचारून घ्या, सगळ्या एकदम सुरू होतातच असं नाही.) आता अर्धं खरं काय, तर अगदी शेवटच्या तासाला लाईनी परत उतरतात, पोरं दमलेली असतात, लोक गाडीकडं निघालेले असतात. पण तो तास मुंबई-पुणेकरांच्या कामाचा. आपल्याला परत चार तास गाडी हाणायची असते, ड्रायव्हर घरचाच असतो, त्याची झोप झालेली नसते, आपण शेवटच्या तासाच्या भरवशावर सगळ्यात मोठी राईड ठेवू नये.

डावीकडं वळायचं म्हणताय, ते बाहेरच्या देशातनं आलंय. तिकडच्या पार्कांबद्दल असं वर्षानुवर्षं सांगतात, अमेरिकेत गाड्या उजवीकडनं चालतात, माणसंही चालताना उजवी बाजू धरतात. आपण जन्मभर डावीकडनं चाललोय, आपल्याकडं ९० टक्के लोक उजवीकडं कशाला वळतील? आणि हा ९० चा आकडा कुणी मोजला, कधी मोजला, मेसेजमध्ये काहीच नाही. गर्दी डावं-उजवं बघून जात नाही, जी राईड लांबनं उंच दिसते, जिच्यातनं किंचाळ्या ऐकू येतात तिकडं जाते. नकाशा आदल्या रात्री मोबाईलवर बघा, तुमच्या घरच्यांना करायच्या राईड कुठं आहेत त्यावर खुणा करा, तेवढं पुरे.

आता "लांब लाईन सोडा, छोटी धरा". मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कोणी तपासतच नाही.

सज्जनगडावर दुपारच्या प्रसादाला गेलायत कधी? पंगत बसायच्या आधी बाहेर माणसं दाटून उभी असतात, नवीन माणूस बघून म्हणतो आता कधी नंबर लागायचा. दार उघडलं की ती सगळी माणसं एका दमात आत जाऊन पाटावर बसतात आणि बाहेर कोणी उरत नाही. आणि तेच एखाद्या डोशाच्या गाडीवर फक्त आठ माणसं उभी असली तरी तवा एक आणि डोसे दोन, तिथं अर्धा तास जातो. पार्कातल्या राईडमध्ये पण अशी पंगत कुठली आणि तवा कुठला हे ओळखायचं. आय फॉर इंडियासारख्या राईडला थिएटरभर माणसं एका वेळी बसतात, ती पंगत. छोट्या गोल फिरणाऱ्या, एका वेळी मोजकीच पोरं बसणाऱ्या राईड, तो तवा.

दुसऱ्या खेपेला मी एका राईडच्या लाईनीत शिरायच्या आधी कठड्याला टेकून मोबाईलवर वेळ लावली. पोरं हाताला ओढत होती, चल ना मावशी, चल ना. मी म्हटलं तीन फेऱ्या बघू दे फक्त. एका फेरीत २४ माणसं बसत होती, पट्टे लावून, हँडल खाली दाबून, तपासून गाडी सुटायला आणि पुढची गाडी भरायला मिळून तीन मिनिटं. म्हणजे तासाला २० फेऱ्या, ४८० माणसं. लाईनीत अंदाजे १६० माणसं होती, कठड्यांच्या चार वळणांत भरलेली, बघून छातीत धडकी भरावी अशी. पण १६० भागिले ४८० म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, २० मिनिटं. शेजारच्या राईडला जेमतेम १०० माणसं होती आणि सगळे तिकडं वळत होते, तिथं एका डब्यात आठ जण आणि दोन मिनिटाला एक डबा, तासाला २४०, म्हणजे २५ मिनिटं. लहान दिसणारी लाईन मोठी निघाली. हे माझं काही संशोधन नाही, पुढं एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे गणित सिद्ध करून दाखवलेलं आहे, आत किती माणसं आहेत आणि तासाला किती बाहेर पडतायत एवढं कळलं की थांबायचा वेळ निघतो, दवाखाना असो नाहीतर एसटीची खिडकी. लाईनीची लांबी डोळ्याला फसवते, त्यात ती नागमोडी वळवलेली असली की किती माणसं आहेत ते कळतच नाही, आणि आत एसीच्या हॉलमध्ये अजून दोन वळणं लपलेली असतात ती बाहेरनं दिसत नाहीत. म्हणून तीन मिनिटं उभं राहून मोजा. पोरांना मोजायला लावा, माझ्या बहिणीच्या मुलाला तर राईडपेक्षा ते मोजण्यात मजा यायला लागली, चौथीतला पोरगा, भागाकार करत होता.

एक्सप्रेस पासचं पण याच गणितानं बघा. पास म्हणजे काही राईडला जास्तीच्या खुर्च्या फुटत नाहीत. त्याच ४८० खुर्च्यांतल्या समजा १६० पासवाल्यांना दिल्या तर साध्या लाईनीला उरल्या ३२०, मग मघाचीच २० मिनिटांची लाईन ३० मिनिटांची होते. म्हणजे गर्दीच्या दिवशी पास नसणाऱ्याचं जास्त हाल होतं हे खरंय, आणि पासवाल्यांची संख्या वाढली की त्यांची पण लाईन लागते. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तो फुकट होता, आता त्याच्या जागी लायटनिंग लेन आहे आणि त्याला पैसे पडतात, आणि तिथंही गर्दीच्या दिवशी पासच्या रांगेत उभं राहावंच लागतं. मी पास घेऊच नका म्हणत नाही. मे महिन्यातला रविवार, नाताळ ते नवीन वर्ष, दिवाळीची सुट्टी अशा दिवशी जाणार असाल आणि परवडत असेल तर घ्या, पण तो कुठल्या कुठल्या राईडला चालतो, एकेकदा चालतो का कितीही वेळा, आणि घरातली किती जणं त्या राईडला बसणारच आहेत, हे वाचून मग. आजी-आजोबांना पास काढून ते बाकावर बसून राहिले तर पैसे गेले. आणि रिकाम्या दिवशी तर पासची गरजच नसते.

मग रिकामा दिवस कुठला? "सोमवार ते गुरुवार कधीही" हे जानेवारीत जाऊन बघा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहली, आणि सहली निघतात आठवड्याच्या मधल्या वारीच. पार्किंगला बसची रांग, एकेका बसमधनं पन्नास पोरं एकदम उतरतात आणि एकदम एकाच राईडला जातात. तेव्हा मधल्या वारी गेलं की निवांत असेल हे मनातनं काढून टाका. खरा निवांत काळ म्हणजे फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च, घराघरात परीक्षा चालू असतात, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडल्यानंतरचे आठवडे. ज्यांच्या घरी दहावी-बारावी नाही त्यांनी मार्चमधला मंगळवार-बुधवार बघावा, पोरांची एक दिवस शाळा बुडेल, वर्गशिक्षकांना सांगून बुडवा.

आणि पावसाळा सोडून म्हणतात त्यावर मी तर उलटं म्हणीन. आपण साताऱ्याची माणसं, पावसाला घाबरणारी आहोत का? पावसाळ्यात बामणोलीला जातो, ठोसेघरला जातो. खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे, पाऊस भरपूर, हे मान्य. विजा कडाडायला लागल्या, फार जोराचा आला की उंच राईड बंद करतात आणि ते बरोबरच आहे. पण रिमझिम असेल तर निम्मी माणसं शेडखाली उभी राहतात आणि लाईन झपकन उतरते, आणि बंदिस्त राईड तर चालूच असतात. डीप स्पेस अंधारातला कोस्टर आहे, आत आहे, त्याला बाहेर पाऊस पडला काय आणि ऊन पडलं काय. मात्र भर जुलैत हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी घाट उतरू नका, हे पार्कपेक्षा रस्त्यासाठी सांगतेय. रेनकोट घ्या, छत्री नको, लाईनीत छत्री दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

राहिली ती एकाला उभं करून बाकीच्यांनी घुसायची ट्रिक. ही ट्रिक नव्हे, हे दुसऱ्याचा वेळ घेणं आहे. लाईनीत एक काका उभे, त्यांच्या मागं आम्ही, आणि आमचा नंबर पुढच्याच फेरीत लागणार तेवढ्यात "आमची माणसं आहेत" म्हणत मागनं चार जण आले, कठड्याखालनं वाकून. २४ ची फेरी, आम्ही सहा जण बरोबर त्यात बसत होतो, आता आमच्यातले दोघं आत आणि चौघं बाहेर. माझा भाचा सगळ्यात पुढं होता, तो आत गेला आणि त्याची आई बाहेर राहिली, ते पोरगं पट्टा लावलेला असताना मागं वळून वळून बघत होतं. तीन मिनिटांचाच प्रश्न होता पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. ज्यांच्या घरात फार लहान मूल आहे त्यांची अडचण मला कळते, आई-बाप दोघांना राईड करायची असते. त्यासाठी तिथल्या माणसाला आधी विचारा, एकजण मुलाजवळ थांबून मग पाळीनं जायची सोय आहे का. डिस्नेच्या पार्कांत अशी सोय रीतसर आहे. कुठं असते, कुठं नसते, पण विचारून मिळालेलं कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आणि जे या मेसेजमध्ये कुठंच नाही ते उंचीचं. मोठ्या राईडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते आणि तिथला माणूस एक बोट कमी असलं तरी सोडत नाही, सोडूही नये, ते हँडल ठराविक अंगाला बसेल असंच बनवलेलं असतं. जाऊबाईंचा धाकटा ४० मिनिटं लाईनीत उभा राहून पट्टीजवळ गेला, टाचा उचलून, केस वर करून उभा राहिला, त्या माणसानं हातानं केस हळूच खाली दाबले आणि मान हलवली. पोरगं रडलं नाही, पण तिथनं बाहेर पडायच्या उलट्या वाटेनं एवढ्या सगळ्या माणसांच्या मधनं परत येताना त्यानं मान वर केली नाही. वेबसाईटवर प्रत्येक राईडची उंची दिलेली असते. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करून पोरांना उभं करून बघा, बूट काढून, आणि ज्या राईड जमणार नाहीत त्या निघायच्या आधीच त्यांना सांगा.