गाणं थांबेल, आधी मॉनिटर बघा

घरी बसून गाणी मिक्स करायचं, म्हणजे गळा आणि वाद्यं यांचा तोल जमवायचं ठरवलंत, फार छान. आता पहिलं काम म्हणजे गाणं बाजूला ठेवा. लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलेला तो लो-फाय (मुद्दाम जरा ओबडधोबड आवाजातला) अभंग, ज्यात पखवाज भावाच्या मित्राने वाजवलाय आणि आवाज मावसबहिणीचा आहे, तो कुठे पळून जात नाही. आधी मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगचे खास स्पीकर, ठरू देत. लो-फाय गाण्याला एवढे महागडे स्पीकर कशाला, असं घरात कोणी विचारलंच तर "तुम्हाला नाही कळायचं" म्हणायचं आणि हप्त्याचा फॉर्म भरायला घ्यायचा.

निवडीची खात्रीची पद्धत म्हणजे तुलनेचे व्हिडिओ. एक गृहस्थ चार जोड्या ओळीने मांडतो, समोर माइक लावतो आणि एकच गाणं चारही जोड्यांवर वाजवतो. तो आवाज त्याच्या खोलीत घुमून त्याच्या माइकमध्ये शिरतो, तिथून आवळून-चिवळून इंटरनेटवर चढतो आणि शेवटी तुमच्या मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडतो. तुम्ही लोकलमध्ये दांडीला लटकून ठरवता की तिसऱ्या जोडीचा मिड, म्हणजे मधला आवाज, जरा मोकळा आहे. असे कान सगळ्यांना मिळत नाहीत.

दुकानात जाऊ नका, आणि गेलातच तर ओळखीची गाणी नेऊ नका. ज्या गाण्याची प्रत्येक जागा शाळेपासून पाठ आहे ते लावलं, की मॉनिटर काय लपवतोय आणि काय फुगवतोय हे दोन मिनिटांत कळतं. मग सहा महिन्यांचा अभ्यास वाया. दुकानदार लावेल तेच ऐका. जी जोडी खपवायची आहे ती तो किंचित मोठ्याने लावेल. डेसिबलभराचा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून द्या असं सांगून त्याच्या पोटावर पाय आणू नये.

आकार, म्हणजे खालचा आवाज काढणाऱ्या वूफरचा, विचाराल तर आठ इंच. खोली लहान असेल तर नक्कीच आठ इंच. यामाहाच्या पाच इंची एचएस-५ची मजल खाली ५४ हर्ट्झपर्यंत, आठ इंची एचएस-८ची ३८पर्यंत. हे आकडे आवाज दहा डेसिबलनी पडल्यावरचे आहेत, पण माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचायला आपण काय वकील आहोत? बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला बोलते. म्हणजे पाच इंचीवर ती मेलीच, असा हिशेब मांडा. त्या तारेचे वरचे स्वरांश ऐकून कान मूळ स्वर आपला आपण जुळवतो, म्हणून तर मोबाइलवरही बासची ओळ कळते, असं कोणी समजवायला लागलं तर चहा मागवा आणि विषय बदला.

आता खोलीकडे वळू, कारण आठ इंचांचं खरं सुख तिथेच आहे. बेडरूम दहा बाय दहा असणार, बिल्डरने तेवढीच दिलीय. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग मावतो आणि ती तिथेच झुलत राहते. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे उरलेल्या दोन भिंतींमध्येही तीच लाट. छतही दहा फुटांच्या आसपास असेल तर तिसऱ्यांदा तीच. ५५ हर्ट्झ हा बासचा खालचा ए. या एका स्वराला तुमच्या खोलीत जावयाचा मान आहे. भिंतीला टेकून बसलं तर तो छातीवर येऊन बसतो, आणि खोलीच्या बरोबर मधोमध बसलं तर जवळजवळ गायबच होतो.

म्हणून खुर्ची बरोबर मधोमध ठेवा. बास कमी वाटेल, तो सहा डेसिबलनी चढवा. अजून कमी वाटेल, मग अजून सहा. पुढे तेच गाणं मित्राच्या गाडीत लावाल तेव्हा दाराचे पत्रे थरथरतील आणि आरशावरचा गणपती नाचायला लागेल. अशा वेळी न डगमगता मित्राला सांगायचं की तुझ्या गाडीचे स्पीकर बेकार आहेत. ज्यांना मधोमध बसणं जमत नाही त्यांनी पलंगावर, भिंतीला पाठ लावून मिक्स करावं. त्यांच्या गाण्यात बास औषधालाही उरत नाही, पण आवाज 'क्लीन' आहे असं म्हणायची सोय होते.

खोलीच्या लांबीच्या साधारण दोन-पंचमांशावर बसा, दोन मॉनिटर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचा आवाज काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा, असं जाणकार सांगतात. या सगळ्याला एक रुपया लागत नाही. ज्याला पैसे पडत नाहीत त्याने आवाज कसा सुधारेल? तुम्ही डावा मॉनिटर सनमायकाच्या टेबलावर ठेवा आणि उजवा, जागा नाही म्हणून, कपाटावर. पाठीमागे हवेचं भोक असेल तर ते भोक भिंतीला चिकटवा. एचएस मालिकेच्या पाठीवर 'रूम कंट्रोल' नावाचं एक बटण असतं. मॉनिटर भिंतीजवळ ठेवावे लागले तर फुगलेला खालचा आवाज दोन किंवा चार डेसिबलनी उतरवायला ते दिलेलं आहे. त्यावरचं प्लॅस्टिक काढू नका, पुढे विकताना भाव येतो.

कोणी मॉनिटर भिंतीपासून पुढे ओढायला सांगितलं तर नेमके ८५ सेंटिमीटर ओढा. मागच्या भिंतीवर आपटून परतलेली लाट १०० हर्ट्झच्या आसपास उलटी होऊन पुढच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना संपवतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा भरीवपणा शोधत तुम्ही पहाटेपर्यंत बसाल आणि शेवटी वाजवणाऱ्यालाच दोष द्याल. रूम ईक्यू विझर्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मोजणीचा माइक मॉनिटरच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो. दोन्ही मिळून हा खड्डा आलेखावर स्वच्छ दाखवतात. दिसला की इक्वलायझरने, म्हणजे हवा तेवढाच सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्राने, भरायला घ्या. पालिका दर पावसाळ्यात तोच खड्डा त्याच श्रद्धेने भरते ना? जितका आवाज ओताल तितकीच उलटी लाटही वाढते, खड्डा जागेवरच राहतो, वूफर तेवढा धापा टाकतो.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. आठ मीटर लांबीच्या बासच्या लाटेला पुठ्ठ्याच्या ट्रेचा पत्ताही लागत नाही हे खरं, आणि आग लागली तर ट्रे पटकन पेटतात हेही खरं, पण फोटोत स्टुडिओ दिसतो. ऐपत असेल तर एक इंची फोमचे चौकोन चिकटवा. तो फक्त वरचा आवाज पितो, खालचा जसाच्या तसा घुमत राहतो. खोली एकाच वेळी मेलेली आणि धुमसणारी वाटते, हा परिणाम विकत घ्यायलाही पैसे पडतात. कोपऱ्यांत चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल (दगडाची लोकर) कापडात गुंडाळून उभं करणं हा खरा उपाय, पण तो दिसायला अगदीच गोदामासारखा. आणि हो, पाहुण्यांसाठी ठेवलेली गाद्यांची चळत कोपऱ्यात असेल तर ती आधी हलवा. इतकी वर्षं ती आवाज शोषत बसली होती आणि आई मात्र म्हणत होती, "असू दे रे, कोणाच्या मध्ये येतेय?"

पांढऱ्या कोनचे (समोरच्या थरथरणाऱ्या पडद्याचे) स्पीकर घेतल्याशिवाय माणूस व्यावसायिक वाटत नाही. यामागे इतिहास आहे. यामाहाने १९७८मध्ये एनएस-१० बाजारात आणला तो दिवाणखान्यात गाणी ऐकायला. घरच्या श्रोत्यांनी नाकं मुरडली: बास नाही, वरचा आवाज टोचतो. पुढे स्टुडिओतल्या लोकांनी तोच उचलला, कारण बंद पेटीचा तो स्पीकर मधला आवाज इतका उघडा पाडायचा की त्यावर बरं वाटलेलं गाणं बाकी कुठेही बरं वाटायचं. टोचणं कमी करायला ट्वीटरवर टिश्यू पेपर लावायची पद्धत पडली. १९८६मध्ये एका अभियंत्याने वेगवेगळ्या टिश्यूंची रीतसर मोजमापं घेऊन लेखही छापला. कोनसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला आणि २००१मध्ये उत्पादन थांबलं. एवढ्या कथेतून आपण काय घ्यायचं? पांढरा रंग घ्यायचा. गोड बोलणारा स्पीकर शोधायचा, पण कोन पांढरा पाहिजे.

आवाज किती ठेवावा? मोठा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला बास कमी ऐकू येतो. तेव्हा लहान आवाजात मिक्स करून बास वाढवा, मग मोठ्या आवाजात ऐकून दचका, मग कमी करा. असं आलटून-पालटून केलं की एक आख्खा रविवार सहज निघतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पण आपल्या गल्लीत मिरवणुकीची डॉल्बी येते त्या दिवशी ती कोणाला आठवते? खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र तुमच्या ५६ हर्ट्झसाठी ती नेमकी आठवेल. काका वर आले की त्यांना बसवून गाणं ऐकवा. "बास जरा जास्त होतोय" हे ते जिन्यातूनच ओरडत आलेले असतील. तुमच्या मिक्सला मिळालेला तो पहिला प्रामाणिक शेरा आहे, तेव्हा त्याकडे अजिबात लक्ष देऊ नका.

रात्री दहानंतर हेडफोन. उघड्या पाठीचे घ्या, स्टेज (वाद्यांचा डावीकडून उजवीकडचा पसारा) रुंद वाटतो. सेन्हायझरचा उघड्या पाठीचा एचडी-६०० १९९७पासून नावाजलेला आहे. त्यातून छताच्या पंख्याची घरघरही तितक्याच रुंद स्टेजवर ऐकू येते, म्हणून पंखा बंद करा. महिना मे असेल तर गाण्यात तळमळ आपोआप उतरते. बंद पाठीचेच हवे असतील तर सोनीचा एमडीआर-७५०६ टाळा. १९९१पासून रेडिओ केंद्रांपासून चित्रीकरणापर्यंत सगळीकडे तोच दिसतो, गुंडाळीची केबल, निळी पट्टी, ऐटीत सांगावं असं काहीच नाही. मुंबईच्या दमट हवेत पॅडचे काळे पापुद्रे निघून कानामागे चिकटतात तेवढाच त्याचा शृंगार. चष्मा असेल तर तो काढू नका. दांडीमुळे पॅड आणि कानशील यांच्यात फट राहते, तिथून बास गळतो, आणि गळालेला बास पुन्हा मिक्समध्ये चढवायचं काम मिळतं.

ओहम (विजेला होणारा अडथळा) जास्त असलेले घ्या. बायरडायनॅमिकचा २५० ओहमचा डीटी-९९० थेट मोबाइलला जोडलात तर आवाज पुटपुटल्यासारखा येईल. मग अॅम्प घ्यावा लागेल. अॅम्प आला की त्याला साजेसा डॅक (डिजिटल गाण्याचा विजेच्या लाटेत तर्जुमा करणारा डबा) हवा, डॅकला चांगली केबल हवी. पुण्याच्या तपकीर गल्लीतली साधी बॅलन्स्ड केबलही गुणगुण घालवते, पण ती घेऊन चारचौघांत सांगणार काय? शुद्ध तांब्याची मागवा. गुणगुण तरीही राहिली तर ती भिंतीतल्या अर्थिंगची असू शकते, आणि वायरमनला बोलवण्यात कसली आलीय प्रतिष्ठा!

हेडफोनवर डाव्या कानाला फक्त डावीकडचंच ऐकू येतं. स्पीकरसमोर तसं कधी होत नाही, उजव्याचा आवाज क्षणभर उशिराने का होईना डाव्या कानात पोचतोच. तेव्हा टाळ पूर्ण डावीकडे ढकला, कानात खिळा ठोकल्यासारखा वाटला तर स्टिरिओ जमला समजा. हेडफोनवर रिव्हर्बची (गाण्याला दिलेल्या घुमाऱ्याची) शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते म्हणून ती आखडून टाका. स्पीकरवर मावसबहीण कपाटात उभी राहून गातेय असं वाटेल. आणि नवे हेडफोन दोनशे तास वाजवून 'मोकळे' करायला विसरू नका. त्या दोनशे तासांत हेडफोन बदलतात की कान सरावतात हा वाद चालू द्या. तोवर परत करायची मुदत उलटलेली असते.

आता गाणं ऐकणार कोण, तर नागपूरची आत्या, फोन ओट्यावर उभा करून, शेजारी कुकर. त्या फोनच्या स्पीकरमधून खालचं जवळपास काहीच येत नाही, आणि डावं-उजवं एकत्र होताना तुम्ही उलट्या फेजने (एका बाजूची लाट उलटी करून) रुंद केलेला सिंथ स्वतःलाच खाऊन संपतो. त्यामुळे फोनवर लावून बघणं, आवाज मोनो करून बघणं, दुसऱ्या खोलीत भांडी घासता घासता ऐकणं, असले गावठी प्रयोग करू नका. सगळ्यात घातक म्हणजे एकाच जोडीवर वर्षभर रोज आवडती गाणी ऐकत राहणं. तसं केलं की त्या जोडीचे दोष पाठ होतात, कान आपणहून दुरुस्ती करतो, मिक्स बाहेरही तसाच वाजायला लागतो, आणि पुढची जोडी घ्यायला कारणच उरत नाही.

म्हणून कान सरावायच्या आत, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मॉनिटर विकायला काढा. फोटो उजेडात काढा, अंड्यांचे ट्रे मागे दिसू देत. जाहिरातीत लिहा: 'घरगुती वापर, बिल आणि खोका आहे, रूम कंट्रोलच्या बटणावरचं प्लॅस्टिक शाबूत, यावर एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. भावात घासाघीस करणाऱ्यांनी फोन करू नये.'