डिस्क हलते, खोड राहते

व्हीएमवेअर म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती घेतली, मग कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं, आणि तेव्हापासून व्हीएमवेअर सोडून आपली मशीन दुसरीकडे हलवू पाहणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो : "डिस्क कन्व्हर्ट करायची, झालं!" या 'झालं'वर माझा काडीचा विश्वास नाही. असं म्हणणारा माणूस ते काम बहुधा दुसऱ्यावर ढकलत असतो.

कन्व्हर्ट होतं, हे खरं. 'क्यूएमू-आयएमजी' हे कमांड-साधन व्हीएमडीकेचं, म्हणजे व्हीएमवेअरच्या डिस्क-फाइलचं, क्यूकाउ-२, व्हीडीआय, व्हीएचडीएक्स, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांना कळणारं रूप, म्हणाल ते करून देतं. व्हीएचडी मात्र त्याच्याकडे 'व्हीपीसी' या नावाने मागावी लागते. का, ते विचारू नये. मागावी आणि गप्प बसावं.

पण गोची त्याआधीच सुरू होते. ईएसएक्सआयच्या, म्हणजे व्हीएमवेअरच्या सर्व्हर-प्रणालीच्या, फोल्डरमध्ये एक चिमुकली व्हीएमडीके असते आणि शेजारी '-फ्लॅट' शेपटीची धिप्पाड. चिमुकलीत नुसतं वर्णन, धिप्पाडीत सगळा माल. २०० जीबीचा सर्व्हर क्षणात कॉपी झाला म्हणून कुणी हरखला, की समजावं, गड्याने फक्त वर्णन उचललंय. दोन्ही एकत्र ठेवून क्यूएमू-आयएमजीला चिमुकलीच दाखवायची. '-०००००१' अशी फाइल दिसली तर तो स्नॅपशॉट, म्हणजे नंतरचे बदल वेगळे साठवणारी फाइल. तो आधी विलीन करा. नाहीतर नव्या घरी जुन्या तारखेचा सर्व्हर उठतो आणि मधल्या काळातली बिलं गायब. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

निघण्यापूर्वी व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवलेली व्हीएमवेअरची मदतनीस साधनं) तिथेच काढा. नंतर काढायला गेलात तर ती 'मी व्हीएमवेअरवर नाहीच' म्हणून अडून बसतात. अहो बाई, म्हणूनच तर काढतोय! बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) स्थगित करा, नाहीतर ते ४८ अंकी किल्ली मागतं, जी कुठे ठेवलीय हे कुणालाच आठवत नाही. आणि विंडोज पूर्ण बंद करा, म्हणजे शिफ्ट दाबून शटडाउन. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साधं शटडाउन म्हणजे नुसती डुलकी.

एवढं करूनही केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) पहिल्या बूटला निळा पडदा येतोच : इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. डिस्क धडधाकट असते. विंडोजला व्हर्टआयओ कंट्रोलरशी, म्हणजे केव्हीएमच्या आभासी डिस्क-जोडणीशी, बोलता येत नाही, कारण तो ड्रायव्हर बूटच्या यादीत नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात शुद्ध लबाडी आहे. मूळ डिस्क साटा, म्हणजे विंडोजला ओळखीच्या साध्या जोडणीने, जोडायची, सोबत १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावायची, विंडोज उठलं की त्या रिकामीच्या निमित्ताने ड्रायव्हर घालायचा. मग बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यायची आणि रिकामी फेकून द्यायची. तरीही बूट नसेल तर बूट करायची पद्धत बायोस की यूईएफआय ते पाहा; जुन्या मशीनवर जे होतं तेच इथे हवं.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) यूयूआयडीऐवजी, म्हणजे कायम ओळख-क्रमांकाऐवजी, 'एसडीए' हे नाव लिहिलं असेल, तर डिस्क इथे 'व्हीडीए' म्हणून येते आणि बूट अर्ध्यात अडकतं. नेटवर्क कार्ड 'ईएनएस३३' नाव टाकून 'ईएनएस१८' होतं, आणि स्थिर आयपी जुन्या नावाचा जप करत राहतो.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची तऱ्हा निराळीच. व्हीएचडीएक्स बरोबर बनते, पण फाइल स्पार्स (रिकाम्या जागा न साठवणारी) आहे म्हणून जोडायला नकार. 'एफएसयूटिल स्पार्स सेटफ्लॅग' ही कमांड, फाइलचं नाव आणि शून्य, एवढ्यावर प्रकरण मिटतं. जनरेशन २ या नव्या प्रकारच्या मशीनला मात्र व्हीएचडी चालतच नाही, व्हीएचडीएक्सच लागते.

सगळं उठल्यावर विंडोजला जुना आयपी द्यायला जावं, तर ते म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलाय. दुसरं कार्ड? ते तर व्हीएमवेअरबरोबरच गेलं! डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगा; तिथे ते फिकट होऊन बसलेलं सापडेल. ते काढलं की आयपी मोकळा. जुनी मशीन तेवढी बंद ठेवा, पण आठवडाभर तरी डिलीट करू नका.