‘थोडा अभ्यास करून लिहावं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मधुमेहात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कडक होत जातो या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून प्रतिक्रिया दिलीत, आभार. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात देतो: ‘मधुमेहींचं कॉर्नियल हिस्टेरेसिस कमी आल्याचे अभ्यास आहेत, मग कॉर्निया कडक कसा? जाडी आणि नसा यांबद्दल लेखात अक्षर नाही. रुग्णांना घाबरवण्याआधी थोडा अभ्यास करून लिहावं.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात जास्त लागलं. डोळ्याचा दाब मोजून घेताना मधुमेह असल्याचं आवर्जून सांगा, एवढाच सल्ला लेखात होता. यात घाबरवणं कुठे आलं? ‘साखरेचा डोळ्यावर घाव’ हे शीर्षक जरा भडक झालं, मान्य. बदलून टाकतो. पण मुद्दा पटला नाही असं म्हणणं वेगळं आणि अनोळखी माणसाचा अभ्यासच काढणं वेगळं. पहिलं मी केव्हाही ऐकून घेईन.

आता हिस्टेरेसिस. ते आणि कडकपणा एकच, असं गृहीत धरून तुम्ही मला जाब विचारताय. ते मोजणारं ऑक्युलर रिस्पॉन्स ॲनालायझर हे यंत्र डोळ्यावर हवेचा झोत मारतं. कॉर्निया आत जाताना एकदा सपाट होतो, आणखी दबतो आणि परत येताना पुन्हा सपाट होतो. या दोन क्षणी हवेचा दाब सारखा नसतो; त्यातला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. निरोगी डोळ्यात तो साधारण 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतो. त्यातून कळतं ते एवढंच, की झोताची किती ऊर्जा ऊतीने जिरवली. दार आपटू नये म्हणून वर क्लोजर बसवतात ना, त्यातलं हे मोजमाप आहे. क्लोजर किती धक्का गिळतो यावरून दाराची फळी किती टणक ते कळत नाही. त्यामुळे कडक कॉर्नियाचं हिस्टेरेसिस जास्त येऊ शकतं, तसं कमीही. शिवाय डोळ्यातला दाब वाढला की हा आकडा खाली येतो, ती भानगड निराळीच. 2009 या एकाच वर्षी एका गटाला मधुमेहींमध्ये हिस्टेरेसिस जास्त आढळलं, दुसऱ्याला कमी. तुम्ही कमीवालं उचललंत आणि ‘अभ्यास आहेत’ म्हणालात. जास्तवाल्यांनीही अभ्यासच केला होता हो.

मी कडकपणा म्हणतो तो त्या यंत्राच्या भरवशावर नाही. कॉर्नियाच्या जाडीचा सुमारे नऊ दशांश भाग स्ट्रोमाचा, म्हणजे त्याच्या मधल्या थराचा, आणि स्ट्रोमाची ताकद कोलॅजनच्या धाग्यांत. रक्तातली साखर सतत चढी राहिली की ग्लुकोज कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय या प्रथिनाला चिकटतं आणि कालांतराने धाग्याधाग्यांत पक्के आडवे बंध तयार होतात. हे कोलॅजन फार सावकाश बदलतं, म्हणून बंध साचत जातात आणि ऊती ताठ होत जाते. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पुढे फुगतो, तेव्हा रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून डॉक्टर असेच जादा बंध मुद्दाम घडवतात. ड्रेस्डेनमधल्या गटाने त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष 2003 मध्ये मांडले. मधुमेह केराटोकोनसपासून वाचवतो का, असा प्रश्नही थिओ झायलर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली उपस्थित केला होता. पुढचे सगळे अभ्यास त्यांच्या बाजूचे नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या त्यावर प्रतिक्रिया यायची.

आणि ‘अभ्यास’ कुठून आला म्हणाल, तर मी शाळेत असल्यापासून इन्सुलिन घेतोय. डोळ्याचा दाब मोजायच्या गोल्डमनच्या उपकरणात कॉर्नियावरचं 3.06 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट करायला किती जोर लागतो ते बघतात. कॉर्निया ताठ किंवा जाड असेल तर जोर जास्त लागतो आणि दाब आहे त्यापेक्षा चढा दिसतो. माझा तसाच दिसला. तेवढ्या आकड्यावर एका डॉक्टरांनी काचबिंदूचे थेंब सुरू केले. दुसऱ्या डॉक्टरांनी जाडी मोजली, डोळ्यामागची नस तपासली, दृष्टिक्षेत्र काढलं आणि थेंब बंद केले. मधल्या काळात लाल डोळे आणि खिशाला बसलेली चाट, दोन्ही माझेच. तेव्हा कॉर्नियाच्या कडकपणाला काय महत्त्व असतं, हे निदान मला तरी शिकवू नका.

राहिली जाडी आणि नसा. एका लेखात सगळं मावत नाही, आणि माझा विषय तो नव्हता. नसा विरळ होऊन कॉर्निया बधिर होणं ही मोठी गोष्ट आहे, पण ती यांत्रिक गुणधर्मांत बसत नाही. त्यावर लिहायचं की नाही ते मी ठरवेन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण टोपणनावाआडून अभ्यासाची शिकवणी घेणार असाल तर ती मी प्रसिद्ध करणार नाही.