डेकूला सगळं फुकट मिळालं? आधी पहिले पाच भाग बघा

गेले काही आठवडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘माय हीरो अ‍ॅकॅडेमिया’ या जपानी अ‍ॅनिमेविरुद्ध एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्यातले आरोप थोडक्यात असे: नायकाला शक्ती फुकट मिळते, म्हणून मुलं कष्ट सोडतात. हाडं मोडून घेणं म्हणजे शौर्य, असं ही मालिका शिकवते. एक मुलगा दुसऱ्याला ‘छपरावरून उडी मार’ म्हणतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. शक्ती नसलेला माणूस म्हणजे शून्य, हाच तिचा संदेश. आणि शेवटी नायकसुद्धा नुसता मास्तर होऊन बसतो.

हा मजकूर माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि भाच्याचं बघणं बंद झालं. तिने मालिका पाहिलेली नाही, तिला दोष नाही. पण लिहिणाऱ्यानेही ती पाहिलेली नाही, हे ओळीओळीतून दिसतं आणि चीड त्याची येते. यातला सगळ्यात गाजलेला आरोप पहिल्या पाच भागांतच खोटा ठरतो. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. दोन तास काढले असते तरी पुरे होतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: कोहेई होरिकोशी यांची ही चित्रकथा जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ४३० प्रकरणांत आली. बोन्स स्टुडिओने केलेलं अ‍ॅनिमे एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं आणि २०२५ च्या अखेरीस संपलं. त्या जगात सुमारे ८० टक्के माणसांना काहीतरी विशेष शक्ती असते, तिला क्वर्क म्हणतात. इझुकू मिदोरियाला ती नाही. चार वर्षांचा असताना डॉक्टर त्याच्या पायाचा एक्स-रे दाखवून सांगतात, करंगळीला दोन सांधे आहेत, याला क्वर्क येणार नाही. मुलं त्याला ‘डेकू’ म्हणून हिणवतात. तरी त्याला हिरोच, म्हणजे शक्ती वापरून खलनायकांशी लढणारा आणि लोकांना वाचवणाराच, व्हायचं असतं, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक हिरोची लढण्याची पद्धत तो वहीत टिपून ठेवत असतो. कथा सुरू होते तेव्हा अशी तेरावी वही चालू असते.

आता ‘फुकट’ या आरोपाकडे येऊ. त्याचा आदर्श असलेला सर्वांत मोठा हिरो ऑल माइट त्याला भेटतो तेव्हा सरळ नाही म्हणतो. शक्तीशिवाय हे काम करता येईल असं मी सांगू शकत नाही, लोकांना मदतच करायची असेल तर पोलिसात जा, ते चांगलं काम आहे, असा त्याचा सल्ला असतो. त्यानंतर चिखलाचा खलनायक डेकूच्या वर्गातल्या बाकुगोला धरतो. चार-चार व्यावसायिक हिरो योग्य क्वर्कवाला कुणी येईल म्हणून वाट बघत उभे असतात आणि हा चौदा वर्षांचा मुलगा आत धावतो. आंधळेपणाने नव्हे. त्याला वहीतलं पान आठवतं, तो दप्तर नेम धरून खलनायकाच्या डोळ्यावर फेकतो आणि बाकुगोला श्वास घ्यायला क्षणभर मिळतो. ऑल माइटचं मत बदलतं ते हे बघून. शक्ती देण्याआधीची ही परीक्षा आहे आणि ती शक्ती नसतानाच पास व्हावी लागते.

बरं, तेव्हाही शक्ती हातात पडत नाहीच. ‘वन फॉर ऑल’ ही ऑल माइटची दुसऱ्याला देता येणारी शक्ती. ती तयार नसलेल्या शरीरात गेली तर हातपाय उडून जातील, म्हणून आधी शरीर घडवायचं. हिरो घडवणाऱ्या यूए शाळेच्या प्रवेशपरीक्षेला १० महिने असतात. दागोबा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर प्रवाहाबरोबर वाहून आलेला आणि लोकांनी चोरून टाकलेला कचरा साचलेला असतो, त्यात फ्रिज आणि टायरसुद्धा. तो उचलून किनारा मोकळा करायचा, हाच व्यायाम. ऑल माइट झोपेपासून जेवणापर्यंत दिवसाचा तक्ता आखून देतो. डेकू तक्त्यापेक्षा जास्त करायला लागतो तेव्हा ऑल माइट त्याला रागावतो, कारण शरीराला भरून यायला वेळ दिला नाही तर ताकद वाढण्याऐवजी घटते. कुठल्याही तालमीतला वस्ताद हेच सांगेल. नेमून दिलेल्या पट्ट्याच्या पलीकडचाही किनारा साफ झालेला असतो तो परीक्षेच्या दिवशी पहाटे, आणि शक्ती मिळते ती त्यानंतर. ती पचायला आणखी काही तास. एकदाही वापरून न बघितलेली शक्ती घेऊन पोरगा परीक्षेला बसतो. याला फुकट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग दहा महिन्यांचं काय करायचं तेही सांगा.

त्या परीक्षेचे गुण तर या आरोपाचं तोंडच बंद करतात. यंत्रमानव पाडायचे, त्यांना १, २ आणि ३ गुण. चौथा अवाढव्य, त्याला ० गुण, तो टाळायचा. वेळ संपत येते तरी डेकूचे गुण शून्यच असतात. उराराका नावाची मुलगी त्या शून्य गुणांच्या यंत्राच्या वाटेत अडकते आणि हा, जिथे काहीच मिळणार नाही तिथे, उडी घेऊन एका ठोशात ते यंत्र पाडतो. निकालात कळतं की परीक्षक बचावकार्याचे वेगळे गुण गुपचूप देत होते. डेकूला यंत्रांचे ०, बचावाचे ६०, आणि नंबर सातवा. उराराका त्याआधी परीक्षकांकडे जाऊन माझे थोडे गुण त्याला देता येतील का, असं विचारून आलेली असते.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करतो. ‘शक्ती नसलेला मुलगा हिरो होईल का’ असा प्रश्न टाकून मालिका तिसऱ्याच भागात त्याला शक्ती देऊन टाकते. मूळ प्रश्नाला ती बरीच वर्षं बगल देते. ही तक्रार रास्त आहे. पण ती कथेच्या मांडणीबद्दलची तक्रार झाली, कष्टांबद्दलची नव्हे.

सगळ्यात घातक आणि सगळ्यात खोटा आरोप हाडांचा आहे. डेकू पहिल्या ठोशात उजवा हात आणि दोन्ही पाय मोडून घेतो, हे खरं. पण का मोडतात ते बघा. पूर्ण शंभर टक्के जोर एकाच अवयवात कोंबला आणि तो अवयव तेवढा जोर पेलायला तयार नव्हता. मालिका याला चूक म्हणते आणि चूक म्हणूनच तिचा पाठपुरावा करते. पाचव्या भागात वर्गशिक्षक आइझावा सर चेंडूफेकीच्या चाचणीत आपल्या क्वर्कने त्याची शक्ती मध्येच बंद करून झापतात: पुन्हा स्वतःला निकामी करून घेणार आणि दुसऱ्याने येऊन तुला वाचवायचं, असा बेत आहे का? मग डेकू सगळा जोर चेंडू सुटण्याच्या क्षणी एकाच बोटाच्या टोकाला आणतो. चेंडू ७०५.३ मीटर जातो, बोट मोडतं, पण तो उभा राहतो. आणि एवढं करूनही त्या दिवसाच्या सगळ्या चाचण्या मिळून त्याचा नंबर वर्गात शेवटचा येतो. शाबासकीचा पाऊस वगैरे काही पडत नाही.

‘हाडं मोडली की जादूने लगेच जुळतात’ असंही त्या मजकुरात आहे. शाळेच्या दवाखान्यातली रिकव्हरी गर्ल बरं करते ते रुग्णाच्याच अंगातली ताकद वापरून. जखम मोठी आणि अंगात त्राण नसेल तर तिचा उपाय जिवावर बेतू शकतो, हे ती स्वतः सांगते. दुसऱ्या सीझनच्या क्रीडामहोत्सवात वर्गमित्र तोदोरोकीशी लढताना डेकू एकामागून एक बोटं मोडतो, मोडलेलीच पुन्हा वापरतो. नंतर शस्त्रक्रिया करून हातातले हाडांचे तुकडे काढावे लागतात, उजव्या हाताचा आकार कायमचा बिघडतो, आणि रिकव्हरी गर्ल बजावते की अशा जखमा मी यापुढे बऱ्या करणार नाही. तो वाकडा, वणांनी भरलेला हात पुढच्या प्रत्येक सीझनमध्ये चितारलेला आहे. मोडून घेण्याचं कौतुकच करायचं असतं, तर तो हात पुढच्या भागात पुन्हा गुळगुळीत काढला असता.

पुढचा धडा ग्रान तोरिनो हा ऑल माइटचा म्हातारा गुरू देतो, आणि तो मला सगळ्या मालिकेतला सर्वांत नेमका वाटतो. डेकू त्याच्यासाठी गोठवलेली तायाकी मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो. तायाकी म्हणजे माशाच्या आकाराची, आत गोड सारण भरलेली जपानी पोळी. म्हातारा चावतो तर आत गारच. ताटली इतकी मोठी घातलेली की ती आत फिरतच नव्हती, त्यामुळे उष्णता एकाच बाजूला लागली. तिथे डेकूच्या डोक्यात प्रकाश पडतो: मीही जोर एकाच जागी देतोय, तो सगळ्या अंगात सारखा पसरायला हवा. शंभर टक्के एका हातात घालण्याऐवजी ५ टक्के सर्वांगात, ही त्याची ‘फुल काउलिंग’ पद्धत. ठोसा हलका होतो, पण हाडं शाबूत राहतात आणि तो सलग लढू शकतो.

तरी तिसऱ्या सीझनमध्ये मस्क्युलर या खलनायकाच्या तावडीतून कोता या लहान मुलाला वाचवताना तो पुन्हा दोन्ही हातांची वाट लावतो. या वेळी डॉक्टर सांगतात, अस्थिबंध झिजलेत, अशा आणखी दोन-तीन दुखापती झाल्या तर हात कायमचे जातील. मग तो लढण्याची पद्धतच बदलतो. हातांऐवजी पाय. पिंढऱ्यांत इंजिनं असलेल्या वर्गमित्र इइदाकडून लाथा शिकतो, उपकरणं बनवणाऱ्या हात्सुमे या विद्यार्थिनीकडून हातांना आधार देणारी उपकरणं आणि बुटांना लोखंडी तळवे करून घेतो, आणि मर्यादा ५ वरून ८ टक्क्यांवर नेतो, एका दमात शंभरवर नाही. दुखापत, निदान, तंत्रात बदल, हळूहळू वाढ. शाळेच्या खेळात गुडघा दुखावलेल्या मुलाला कुठलाही चांगला फिजिओथेरपिस्ट याच क्रमाने नेतो. हे बघून मूल हात मोडून घ्यायला शिकेल म्हणणाऱ्याने हे भाग डोळ्यांखालून घातलेलेच नाहीत. आणि हो, चिखलवाल्या प्रसंगातही डेकू धावत गेल्याबद्दल हिरो त्याला रस्त्यावरच फैलावर घेतात. तेही मजकुरातून सोयीस्करपणे गळलंय.

छपरावरून उडीचं वाक्य. आहे. पहिल्याच भागात आहे, आणि ते ओंगळ आहे. बाकुगो डेकूची वही हातातल्या स्फोटाने जाळून खिडकीबाहेर फेकतो आणि म्हणतो, पुढच्या जन्मी क्वर्क मिळेल अशी आशा धरून छपरावरून उडी टाक. ‘कुणालाच काही वाटत नाही’ हे खोटं आहे. डेकूच मनात म्हणतो की मी खरंच उडी मारली तर आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून तू अडकशील, विचार करून बोलत जा. पण बाकुगो मनापासून माफी मागतो ती सहाव्या सीझनच्या शेवटाकडे, म्हणजे अ‍ॅनिमेत २०१६ च्या वाक्याची माफी २०२३ मध्ये. फार उशीर झाला. मधल्या काळात कुणा मोठ्या माणसाने त्याला या एका वाक्याबद्दल समोर बसवून जाब विचारायला हवा होता. शाळेतल्या छळाने खचलेलं मूल घरात असेल तर पहिला भाग त्याच्याशेजारी बसून बघा. त्या भागाबाबत ही काळजी खरी आहे.

‘शक्ती नाही म्हणजे शून्य.’ मालिकेतला सर्वांत मोठा हिरो ऑल माइट स्वतः क्वर्कशिवाय जन्मलेला आहे. वरच्या वर्गातला मिरिओ, एरी या लहान मुलीला वाचवताना, क्वर्क नष्ट करणारी गोळी स्वतःवर घेतो आणि शक्ती गेल्यावरही तिच्यासमोरून हटत नाही. उलट बाजूचं उदाहरण डेकूचा वर्गमित्र आओयामाचं. क्वर्क नसलेल्या मुलाचं पुढे काय होईल या भीतीने त्याचे आईवडील सर्वांत मोठ्या खलनायकाकडून त्याला शक्ती मिळवून देतात, आणि पोरगा त्या उपकाराखाली वर्गात राहून त्या खलनायकाचा हेर बनतो. मुलाकडे काहीतरी ‘नाही’ म्हणून पालक घाबरले की काय होतं, हे खरं तर हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनीच बघण्यासारखं आहे.

मास्तर झाला म्हणून वाया गेला? शेवटच्या युद्धात डेकू शक्ती गमावतो आणि आठ वर्षांनी यूएमध्येच शिक्षक असतो. स्वतःवर विश्वास नसलेल्या एका मुलाला, स्वतःला कधीकाळी ऑल माइटने सांगितलं होतं तेच तो सांगतो: तू हिरो होऊ शकतोस. नंतर जुने वर्गमित्र पैसे जमवून त्याच्यासाठी यांत्रिक पोशाख बनवून घेतात. तो पोशाख मिळाला नसता तरी मला तो हरलेला वाटला नसता. शिक्षक होणं ही ज्यांना शिक्षा वाटते, त्यांच्याशी याहून जास्त वाद घालायची माझी इच्छा नाही.

उरलेलं भराभर. मिनेता हा वर्गमित्र मुलींशी वाईट वागतो आणि मालिका ते विनोद म्हणून खपवते. हा आरोप खरा आहे, बचाव नाही. ‘कार्टून आहे म्हणजे बालवाडीसाठी’ हा समज मात्र चुकीचा आहे. मूळ साप्ताहिक किशोरवयीन मुलांसाठी निघतं. पहिला सीझन १३ भागांचा आहे, तो बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर बसून निर्धास्त बघावा. दुसऱ्यात तोदोरोकीच्या घरातली मारहाण आणि आईने त्याच्या चेहऱ्यावर उकळतं पाणी ओतल्याची आठवण येते, तेव्हा शेजारी कुणीतरी मोठं असावं. सहाव्या सीझनमधलं युद्ध रक्तरंजित आहे आणि त्यात ओळखीची पात्रं मरतात. तो आधी स्वतः बघा, मग ठरवा.