एकवीस दिवसांत जर्मन, आणि तीनदा उजाडलेला पहिला दिवस

मेसेज आधी आत्यानं पाठवला, मग शेजारच्या काकांनी, आणि गेल्या रविवारी तो घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा येऊन पडला. म्हणणं असं: कुठलीही परदेशी भाषा २१ दिवसांत येते, कारण मेंदूला सवय लागायला बरोबर २१ दिवस लागतात, असं ‘अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’. रोज पहाटे ४ वाजता एक तास बसायचं. तेवढे दिवस घरात मातृभाषा बंद. आणि एक दिवस जरी चुकला तरी मेंदूतली वाट पुसली जाते, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची.

असले मेसेज मी न वाचता पुसतो. हा पुसला नाही, कारण माझ्या भाचीनं तो खरा मानला.

पोरगी बेळगावात नर्स आहे, वडगावात राहते. जर्मनीला जायचंय. बी.एस्सी. नर्सिंग झालं, पासपोर्ट आला, गाडी अडलीय ती भाषेपाशी. गणपतीत तिच्या घरी गेलो तर टीव्हीशेजारी दोनशे पानी वही पडलेली. सहज चाळली. पहिल्या पानावर लाल शाईत ‘दिवस १’, खाली नमस्कार-चमत्कार, मुळाक्षरं, एक ते वीस आकडे. आठ-दहा पानांनंतर एक कोरं पान, आणि परत ‘दिवस १’. तेच नमस्कार, तेच आकडे. पुढे अजून एकदा ‘दिवस १’. तिसऱ्या खेपेला अक्षर अगदी मोत्यासारखं झालेलं. दुसरा धडा मात्र अख्ख्या वहीत नाही.

“नाइट पडली की चुकतंय मामा, मग परत पहिल्यापासनं करूलालोय,” म्हणाली. (आमच्याकडं मुली असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) चौथ्यांदा सुरू करायचा तिला धीर नव्हता. आपल्यात चिकाटीच नाही, असं स्वतःबद्दल ठरवून ती मोकळी झाली होती. बारा तास वॉर्डात उभी राहणारी मुलगी, आणि म्हणे चिकाटी नाही!

म्हणून आधी हा ‘पुन्हा पहिल्यापासून’चा मुद्दा, बाकीचे नंतर.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. निबंध ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’च्या २०१०च्या अंकात आहे. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली: जेवणाबरोबर फळ, न्याहारीनंतर पाणी, असलं काहीतरी. १२ आठवडे ती रोज ठरलेल्या प्रसंगी करायची आणि आज किती आपोआप झाली ते नोंदवायचं. सवय मुरायला लागणारा काळ निघाला १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत, मधला आकडा ६६. (२५४ हा अर्थात १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढे काढलेला अंदाज.) आणि माझ्या भाचीच्या कामाची ओळ ही, की एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. चुकला, दुसऱ्या दिवशी केलं, गाडी पुढे गेली. पंधरा-पंधरा दिवस दांडी मारा असं त्यात लिहिलेलं नाही, हे आत्यासाठी मुद्दाम सांगतो.

आता कुणी ‘६६ दिवसांत जर्मन’ असा नवा मेसेज काढू नये. ती माणसं पाणी पीत होती, भाषा शिकत नव्हती. शिवाय सवय लागते ती वही उघडून बसण्याची. जर्मन आपोआप येत नसते.

आणि शिकलेलं ‘पुसलं जातं’ म्हणे. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानंच निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि १८८५मध्ये छापले. विसरणं झपाट्यानं होतं हे त्यानं दाखवलंच, पण विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो हेही दाखवलं. म्हणजे पाटी कोरी होत नाही. कोरी झाली असं समजून पहिलाच धडा तीनदा गिरवला, तर पहिला धडा तेवढा पक्का होतो.

२१ हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला निदान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांनी १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. दवाखान्यातलं निरीक्षण होतं ते. पुढे ‘निदान’ गळालं, ‘आसपास’ गळालं, चेहरा गेला आणि जर्मन आली.

भाषा येते म्हणजे किती येते, हे मेसेज सांगतच नाही. तिकडं नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी, लागते. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, बी-२साठी ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका सुचवतं. अगदी पहिल्या ए-१ पातळीलाच ८० ते २००. रोज एक तास धरला तर २१ दिवसांत होतात २८ तासिका. ६०० तासिकांचे घड्याळी तास ४५०. रोज एक तास, तर सव्वा वर्ष. परवडलं तर करा, पण आकडा हा आहे.

सगळ्यात हसू आलं ते ‘मातृभाषा बंद’वर. बेळगावच्या माणसाला हे सांगायचं! मी निपाणीत एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसायला लागलो तेव्हा माझ्याकडं कन्नडची दोनच वाक्यं होती, ‘सही माडरी’ आणि ‘नाळे बर्री’. सही करा आणि उद्या या. पहिले काही महिने त्यावरच काढले, उद्या या म्हणून उगाच परत पाठवलेले लोक अजून आठवतात. पण कन्नड आली म्हणून घरातली मराठी बंद करावी लागली नाही. खडेबाजारात एका पिशवीच्या सामानात तीन भाषा बोलून येणारे आम्ही लोक.

उलट जर्मन शिकताना मराठीसारखा आधार नाही. इंग्रजीतून जाणाऱ्याला टेबल-खुर्चीला लिंग कशाला, हेच आधी पचत नाही. आपल्याला तो दरवाजा, ती खिडकी, ते घर पाळण्यापासून आहे. त्यांचं ताट बघा: चमचा ‘डेअर’ म्हणजे पुल्लिंगी, काटा ‘डी’ म्हणजे स्त्रीलिंगी, सुरी ‘दास’ म्हणजे नपुंसकलिंगी. लिंगं आपल्याशी जुळतील असं नाही, ती पाठच करावी लागतात, पण तिन्हींची कल्पना घरचीच. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, याला जग हसतं. आपण ‘ते पोरगं’ म्हणतो की! आणि हे बघा: ‘वाइल इश क्रांक बिन’. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. ‘कारण मी आजारी आहे.’ शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी, मराठीच्या क्रमानं. सगळी वाक्यं अशी नसतात, पण ‘वाइल’ आलं की क्रियापद शेवटी जातं, आणि इंग्रजीवाले तिथंच अडखळतात. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, “पेशंट हेच बोलणार की मामा.”

पहाटे ४चं काय? इथं थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजानं. ठरलेल्या प्रसंगाला काम जोडलं तर ते अंगवळणी पडतं. लॅलींचा प्रयोगच तसा होता. पण तो प्रसंग पहाटच असावा असं त्यात कुठंही नाही. ही पोरगी पहाटे ४ला वॉर्डात रक्तदाब मोजत असते. शिफ्ट बदलली की घड्याळ बदलतं. बदलत नाही ते ड्युटीवरून घरी येऊन चहाचं आधण ठेवणं. सकाळी ९ला असो की रात्री ९ला, आधण ठेवलं की वही उघडायची, चहा संपेपर्यंत बसायचं. ती वीस मिनिटं. रजेच्या दिवशी जास्त.

आणखी एक बदल केलाय. पानावर दिवसाचा आकडा लिहायचा नाही, धड्याचा लिहायचा. परवा गेलो तेव्हा वही ओट्यावर होती. ‘धडा ३’, कोपऱ्यात चहाचा डाग, आणि मधल्या दोन तारखांत चार दिवसांचं अंतर.