‘रेल्वे हॉटेल’ या नावाविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला एकुलता एक तारा आणि त्याखालील मजकूर मी व माझ्या पत्नीने दोनदा वाचला. रात्री पावणेदहाला आपण सहकुटुंब दारात आलात तेव्हा स्वयंपाकघर बंद झाले होते आणि आपल्याला कोमट सूप व पावावर भागवावे लागले, याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

मात्र “रेल्वेचा पत्ता नाही आणि म्हणे रेल्वे हॉटेल, भाडे वाढवण्यासाठी रचलेला इतिहास” हे आपले वाक्य मुकाट्याने गिळणे मला जमत नाही, कारण इंग्लंडमधील डर्बीशायरच्या या लहानशा गावात आमची चूल याच जुन्या इमारतीवर पेटते.

मिडलँड रेल्वेने १८६३ साली वाय नदीच्या खोऱ्यातून बक्स्टनपर्यंत लोहमार्ग नेला. (आपण पुण्याचे आहात म्हणून सांगतो, बोरघाटातून गाडी धावू लागली तेही याच वर्षी.) १८६७ मध्ये मार्ग पुढे मँचेस्टरला जोडला गेला आणि वर्दळ वाढली. आता ‘रेल्वे हॉटेल’ म्हणजे रेल्वे कंपनीचेच हॉटेल, असे आपण गृहीत धरलेत. कंपनीने स्वतः बांधलेली हॉटेले बहुधा मोठ्या स्थानकांवर असत. लंडनच्या सेंट पँक्रसचे १८७३ सालचे मिडलँड ग्रँड हे त्यांतले गाजलेले. खेड्यात मात्र एखादी ब्रुअरी (बिअर बनवणारी कंपनी) किंवा खानावळवाला स्थानकाजवळची जागा हेरून इमारत उभी करी आणि दारावर ‘रेल्वे हॉटेल’ अशी पाटी लावी. अशा पाट्या इंग्लंडभर होत्या व काही आजही आहेत. आमची इमारतही एका ब्रुअरीचीच होती, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात आम्ही ते स्पष्ट लिहिले आहे.

ज्याला आपण “कोंदट जेवणघर” म्हटलेत, तो स्थानकावरून पाहुणे आणणाऱ्या घोडागाडीचा तबेला होता. “नुसतेच भलेमोठे टेबल असलेली विचित्र खोली” ही कमर्शियल रूम. मालाच्या नमुन्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरणारे विक्रेते संध्याकाळी तेथे बसून दिवसभराच्या मागण्या लिहून काढत. ते टेबल हलवून तेथे दोन पलंग टाकले असते तर आमचे उत्पन्न वाढले असते. आम्ही ते केले नाही, आणि बिलात इतिहासापोटी एक पेनीही लावलेली नाही.

राहिला प्रश्न रेल्वे कुठे गेली याचा. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या बीचिंग अहवालानंतरच्या कपातीत येथून जवळचे मिलर्स डेल स्थानक १९६७ साली बंद झाले. एके काळी त्याला पाच फलाट होते. पुढच्याच वर्षी जुलैत मॅटलॉकच्या पुढचा मार्गही बंद झाला. आज रुळांच्या जागी मॉन्सल ट्रेल ही वाट आहे आणि २०११ मध्ये तिच्यावरचे जुने बोगदे चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना खुले झाले, म्हणून तर आमच्याकडे चार पाहुणे येतात. सर्वांत जवळची स्थानके मॅटलॉक आणि बक्स्टन आहेत, तेथून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते, हे आरक्षणाच्या पानावर ठळक अक्षरांत आहे. येण्याच्या तीन दिवस आधी आम्ही आपल्याला तशी मेलही पाठवली होती. ती बहुधा उघडली गेली नसावी. मॅटलॉकच्या फलाटावर आपण पुढच्या गाडीची वाट पाहत तासभर बसलात याचे मला खरोखर वाईट वाटते, परंतु जी गाडी माझ्या जन्माआधी बंद पडली तिच्या उशिराचा दोष माझ्या माथी मारू नये. टॅक्सीचे भाडे बिलातून वजा करण्यास मी नकार दिला, तो याच कारणाने. त्यात उद्धटपणा नव्हता.

उशिरा येणाऱ्यांसाठी काहीतरी गरम राखून ठेवण्याची व्यवस्था आम्ही लवकरच करू, आणि माहितीपत्रकातील नकाशाही जमल्यास मोठा छापू.

तारा एकच ठेवायचा असेल तर अवश्य ठेवावा. ‘रचलेला’ हा शब्द मात्र काढावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
मालक